तंजावर : महाविद्यालयाची पूर्वतयारी

सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे तंजावरची विद्यानगरी ही ओळख जुनी आहे. या नगरीतील मराठी कुटुंबांतही दहावीचा निकाल लागला, की महाविद्यालयाची चर्चा सुरू होते. तिचा आरंभ मात्र अकरावीच्या विषयनिवडीपासून व्हावयास हवा.

तामिळनाडूत अभियांत्रिकीसाठी २००७ पासून राज्याची प्रवेश परीक्षा नाही. बारावीच्या गणिताचे १०० आणि भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५०, अशा २०० गुणांवर गुणवत्ताक्रम ठरतो. शेजारच्या तिरुचिरापल्लीतील एनआयटीसाठी मात्र जेईई द्यावी लागते. विज्ञान शाखेत गणित सोडणाऱ्याला या दोन्ही वाटा बंद होतात. दोन वर्षांनी पश्चात्ताप करून उपयोग नसतो.

महाविद्यालयीन जीवनाची खरी माहिती तेथे शिकणाऱ्यांकडूनच मिळते. वसतिगृह, खानावळ, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांविषयी मुलांनी त्यांना निःसंकोच विचारावे. पालकांनीही शिक्षणशुल्काबरोबर राहण्याजेवणाचा हिशेब आधीच मांडावा. शैक्षणिक कर्जात वसतिगृहाचे शुल्क व पुस्तकांचा खर्चही धरता येतो, हे जाणून घेतल्यास ऐनवेळची धावपळ टळते.