घरखरेदी, अनिवासी भारतीयांची

परदेशात वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकाने मायदेशी घर विकत घेणे. परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ अन्वये त्यास सदनिका घेता येते. शेतजमीन, मळा वा शेतघर मात्र विकत घेता येत नाही.

इंद्रायणीकाठचे तळवडे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. या महापालिका क्षेत्रात १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के आहे. करारातील किंमत व वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसारचे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर ते आकारतात. नोंदणी शुल्क १ टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये असते. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर सामान्यतः ५ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या सदनिकेवर तो नसतो. म्हणजे ६० लाखांच्या अपुऱ्या सदनिकेवर एकूण साडेसात लाख रुपयांचा भार येतो. पूर्ण झालेलीवर तो साडेचार लाखच राहतो.

देहूरोड दारूगोळा भांडाराभोवतीच्या संरक्षण प्रतिबंधित क्षेत्रात तळवड्याचा काही भाग मोडतो. शुल्क भरून दस्त नोंदविला, तरी तेथील बांधकाम त्यामुळे वैध ठरत नाही. म्हणून दूरस्थ खरेदीदाराने शुल्क भरण्यापूर्वीच जागेची स्थिती व बांधकाम परवाना तपासून घेणे अगत्याचे ठरते.