गुडघ्याचा पट्टा आणि बुटातले सोल

नवरात्र संपले की माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीचे रुग्ण वाढतात. नागपूरहून कोराडीच्या जगदंबेला पायी गेलेले असतात. यंदा वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांनी गुडघ्याला ताणला जाणारा पट्टा चढवला होता. पिशवीतून बुटात घालायच्या सोलची नवी जोडी काढून त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, यानं झीज भरून येते का जी?’’

नाही येत. झिजलेली कूर्चा कोणत्याही पट्ट्याने भरून येत नाही. मग उपयोग कशाचा?

आपल्याकडे बहुधा गुडघ्याची आतली बाजू झिजते आणि पाय धनुष्यासारखे बाकतात. बाहेरच्या कडेला जाड असलेला सोल घातला की भार बाहेरच्या बाजूला सरकेल, असा त्यामागचा विचार. ऐकायला पटतो. पण ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांना वर्षभर, काहींना असे उतरते सोल आणि काहींना साधे सपाट सोल देऊन पाहिले. २०११ साली निष्कर्ष आला: ना दुखण्यात फरक, ना झिजेत. तेव्हा त्यावर पैसे घालवू नका. मऊ तळाची, टाच उंच नसलेली चप्पल पुरे.

नुसत्या ताणपट्ट्याने ऊब मिळते, आधार वाटतो. भार मात्र हलत नाही. बाजूला सळ्या आणि बिजागरी असलेला ब्रेस निराळा. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत चालणे अवघड झालेल्यांसाठी त्याची शिफारस केली आहे. पण तो मापानेच घ्यावा. आपल्या उन्हाळ्यात तो घामाने घसरतो, काचतो, आणि आठवड्याभरात खुंटीवर जातो, हेही मी पाहिले आहे. चालताना घालावा, झोपताना काढावा. मधुमेह असेल तर कातडी रोज तपासावी. पोटरी सुजली तर लगेच काढून दाखवायला यावे.

त्याच सूचनांत काठीचीही ठाम शिफारस आहे. आपल्याला मात्र काठीची लाज वाटते! शिवाय वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरावा. मांडीचे स्नायू बळकट होतात.

त्या गृहस्थांचा उजवा गुडघा दुखत होता आणि काठीही उजव्याच हातात होती. ती मी डाव्या हातात दिली. फाटकापर्यंत जाऊन ते परत आले आणि म्हणाले, ‘‘हे सोल दुकानदार परत घेईल का?’’