परसांतील शेजारी

वन्य प्राणी पाहावयाचे तर ताडोबाचें अरण्यच गांठलें पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. तेथें अवश्य जावें. वाघ दिसल्यास उत्तमच. परंतु नांदेडास गोदावरीच्या कांठीं किंवा लातुरास मांजरेच्या खोऱ्यांत ज्यांच्या घरामागें चार हात मोकळी जमीन, एखादा कडुनिंब व न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलें केळीचें आळें आहे, त्यांच्या परसांत रानचे रहिवासी नित्य येऊन जातात आणि घरांतील मंडळींस त्याची वार्ताहि नसते. त्या शेजाऱ्यांची ओळख बालवाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, या हेतूनें आम्ही हें लिहीत आहोंत.

पाहण्यास दुर्बीण लागत नाहीं. लागते ती स्थिर बसण्याची संवय. तांबडें फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हां दिवेलागणीच्या सुमारास खिडकीआड अर्धी घटका निश्चल बसावें. जवळ एक वही ठेवून तारीख, वेळ व काय दिसलें तें लिहावें. डॉ. सलीम अली यांनीं १९३१-३२ मध्यें निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली. नांदेड व लातूर हीं दोन्हीं गांवें तेव्हां त्याच राज्यांत होतीं. म्हणजे या मुलखांतील पाखरांची शास्त्रीय नोंद होऊन नव्वद वर्षें उलटलीं, आणि आपण परसांतली वही अजून उघडलेली नाहीं!

परसांतला सर्वांत उमदा पाहुणा म्हणजे मुंगूस. तें दिसलें कीं मुलें त्यास तोंड दाखविण्याची शपथ घालतात, व मोठीं माणसें दिवस चांगला जाणार म्हणून संतोष पावतात. तें कुंपणाच्या कडेकडेनें धांवतें आणि मध्येंच मागच्या पायांवर उभें राहून चहूंकडे पाहतें. उंदीर, सरडे, किडे, पक्ष्यांचीं अंडीं व प्रसंगीं साप हा त्याचा आहार; कोंबड्या पाळणारांनीं खुराड्याचें दार नीट लावावें हें बरें. नागाशीं झुंजल्यावर तें एक मुळी खाऊन विष उतरवितें, ही कथा मात्र खोटी. मज्जातंतूंचा संदेश जेथें स्नायूंस पोंचतो, त्या जागांची घडणच त्याच्या शरीरांत अशी आहे कीं, नागाचें विष तेथें नीट चिकटत नाहीं. शिवाय त्याची चपळाई आणि फुललेले राठ केंस यांमुळें दांत अंगापर्यंत पोंचणें कठीण. याच केंसांपायीं तें जिवास मुकतें. मुंगसाच्या केंसांचे रंगकामाचे कुंचले चोरून विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें हा गुन्हा आहे. चित्रकलेसाठीं कुंचला घेतांना तो कशाचा आहे, हें विद्यार्थ्यांनीं दुकानदारास अवश्य विचारावें.

मुंगूस शुभ, तर पिंगळा बिचारा अशुभ! ढोलींत जोडीनें राहणारा, साळुंकीएवढा, वाटोळ्या पिवळ्या डोळ्यांचा हा पक्षी सांजवेळीं भांडल्यासारखा ओरडतो. मग घरावर संकट येणार म्हणून त्यास दगड मारून हांकलितात. पहाटे दारोदार फिरणारा कुडमुड्या जोशी तर त्याची भाषा आपणांस कळते असें सांगत आला आहे. आमच्या मतें पिंगळ्याचें सांगणें एवढेंच कीं, या घरीं टोळ, भुंगे व उंदीर पुष्कळ आहेत.

आतां सर्पांविषयीं. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत खोल भेगा पडतात. पावसानें त्या बुजल्या व बिळांत पाणी शिरलें कीं साप बाहेर येतात आणि घरोघर काठ्या उगारल्या जातात. काठीखालीं पुष्कळदां मरते ती धामण. ती सहा-सात फूट लांब असते म्हणून तिची भीति मोठी. पण तिला विष नाहीं. ती म्हशीच्या पायांस विळखा घालून दूध पिते असें सांगतात. सापाचें तोंड चोखण्याच्या कामाचें नाहीं, आणि त्याचे अणकुचीदार दांत सडास लागले असतां म्हैस स्वस्थ उभी राहील काय? गोठ्यांत धामण येते ती उंदरांसाठीं.

आपल्या देशांत ज्यांच्या दंशानें बहुतेक मृत्यु घडतात ते साप चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. मण्यारीसारखा दिसणारा कवड्या निरुपद्रवी आहे. कवड्याचे आडवे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट असतात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात. परंतु ही परीक्षा पुस्तकांतील चित्रावर करावी, परसांत नव्हे. साप दिसतांच मुलांनीं दूर होऊन मोठ्यांस हांक मारावी, आणि मोठ्यांनीं काठी न शोधतां वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें.

मण्यार रात्रीं हिंडते, आणि तिचा दंश पुष्कळदां जाणवतहि नाहीं. यासाठीं पावसाळ्यांत मुलांस खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं खोंचून निजवावें. जमिनीवर निजलेल्या मुलाचें पहाटे पोट दुखूं लागलें व पापण्या जड होऊन मिटूं लागल्या, तर मांत्रिक, चिरा, आवळलेली दोरी यांत एक क्षणहि न दवडतां सरकारी रुग्णालय गांठावें. वरील चारही विषांवरचें प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. तें वेळेवर मिळाल्यास प्राण वांचतात.

एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें पालकांस आठवत असेल. तशा उन्हाळ्यांत खार, चिमणी व मुंगूस यांनीं कोठें जावें? भाजी धुतलेलें पाणी त्यांस चालतें, साबणाचें नको. मातीच्या पसरट भांड्यांत दोन बोटें पाणी घालून मध्यें एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाशाहि बुडत नाहींत. डासांची वीण होऊं नये म्हणून भांडें रोज घांसून भरावें. खाणें मात्र ठेवूं नये. शिळ्या भाकरीनें उंदीर जमतात, आणि उंदरांमागून कोण येतें तें वर सांगितलेंच आहे. भांड्याभोंवतीं रात्रीं बारीक माती चाळून पसरावी व सकाळीं त्यावरचे ठसे पाहावे. चार बोटें असून नखें उमटलेलीं नसतील तर मांजर पाणी पिऊन गेलें. पांच बोटें व नखांच्या खुणा असतील तर मुंगूस किंवा उदमांजर. दोहोंपैकीं कोण, हें ठरविण्यास दुसऱ्या दिवशीं लौकर उठावें लागेल.