किल्ली कोणाच्या हाती?

देवास शहरातील आणि धार जिल्ह्यात पीथमपूर येथील कारखान्यांतून निघणाऱ्या मालाबरोबर आता नुसते कागदी बीजक पुरत नाही. ज्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांहून अधिक आहे, त्याला 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या व्यवसायाला दिलेले बीजक सामान्यतः वस्तू व सेवा कराच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावे लागते, आणि जेथे रोज ढीगभर बीजके निघतात तेथे हे काम हिशेबाचे सॉफ्टवेअर परस्पर उरकते. दोन सॉफ्टवेअरनी इंटरनेटवरून ठरावीक रीतीने मागणी करावी आणि उत्तर द्यावे, यासाठी केलेल्या सोयीला वेब एपीआय म्हणतात. या दारावर ओळख पटवण्यासाठी जे वापरकर्तानाव, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या लागतात, त्यांना येथे ‘प्रवेशपुरावे’ म्हटले आहे.

सॉफ्टवेअर पासवर्ड उघडा पाठवत नाही, तर पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने तो कूटबद्ध करते, म्हणजे त्याचे अशा निरर्थक अक्षरांत रूपांतर करते की पोर्टलजवळच्या खाजगी किल्लीवाचून तो कोणालाही वाचता येऊ नये. पडताळणी झाली की पोर्टल एक टोकन देते आणि पुढचे सहा तास ते टोकन दाखवले की काम भागते. मराठेशाहीत वाटेवरच्या चौक्यांवर दाखवायचे दस्तक असे, त्याच जातीची ही वस्तू आहे. वाटेवरची ही व्यवस्था चोख आहे. खरी काळजी आहे ती पासवर्ड निघण्यापूर्वी कोठे पडून असतो याची. अनेक ठिकाणी तो सॉफ्टवेअरच्याच एखाद्या फाइलमध्ये उघडा लिहिलेला असतो, किंवा संगणकाची कामे करणाऱ्याच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये सापडतो. कुलूप भक्कम आणि किल्ली खुंटीला, अशी ही स्थिती आहे, आणि ती बदलणे कोणत्याही लहान कारखान्याला अशक्य नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे सारे प्रवेशपुरावे एका तिजोरीवजा सर्व्हरवर कूटबद्ध ठेवणे आणि ज्या सॉफ्टवेअरला जो हवा तो त्याने एपीआयमार्फत गरजेपुरता मागून घेणे. 2015 मध्ये आलेले ‘व्हॉल्ट’ हे सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. त्यात 2001 मध्ये अमेरिकेने प्रमाण मानलेली एईएस ही कूटपद्धती 256 बिटांच्या किल्लीसह वापरली जाते. अशा संभाव्य किल्ल्यांची संख्या 78 अंकी भरते, त्यामुळे एकेक लावून पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. तोच पासवर्ड दोनदा ठेवला तरी दर वेळी वेगळी यादृच्छिक संख्या मिसळल्यामुळे दोन्ही रूपे निराळी दिसतात. शिवाय प्रत्येक नोंदीच्या शेवटी 128 बिटांची खूण जोडलेली असते आणि मजकुराचा एक बिट जरी बदलला तरी ती जुळत नाही. मोडी पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवण्यामागे हाच हेतू होता. पेशव्यांच्या पत्रांवरची ‘लेखनसीमा’ ही छोटी मुद्रा मजकूर येथे संपला असे सांगे, म्हणजे त्यापुढे कोणाला एक ओळही घुसडता येत नसे.

एकाच तिजोरीत अनेकांची गुपिते ठेवायची, तर एकाचा हात दुसऱ्याच्या कप्प्यात जाता कामा नये. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांपासून निघालेल्या देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची राजधानी एकाच गावात होती आणि 1948 मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत दोन्ही राज्यांचा कारभार निराळा होता. वस्ती एक, पण अधिकाराच्या हद्दी दोन, ही तिजोरीची नेमकी रचना आहे: बीजकाच्या सॉफ्टवेअरला बीजकाचेच प्रवेशपुरावे मिळतात, पगाराचे मिळत नाहीत, आणि कोणी काय मागितले याची प्रत्येक वेळी नोंद होते. संगणकीय प्रणालींच्या अशा नोंदी 180 दिवस जपाव्यात, असा सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचा 2022 चा आदेश आहे.

आता उरते ती तिजोरीची मूळ किल्ली, आणि सर्वांत नाजूक जागा हीच आहे. भारतातील सरकारी कोषागारांत दुहेरी कुलपाची वहिवाट आहे. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे आणि दुसरी खजिनदाराकडे, म्हणजे एकट्याला दार उघडता येत नाही. अदी शामीर यांनी 1979 मध्ये मांडलेली पद्धत याच्याही पुढे जाते. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, पण परवलय, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखी वक्ररेषा, ठरवायला तीन बिंदू लागतात. गुप्त संख्या या वक्ररेषेच्या आरंभी दडवून तिच्यावरचे पाच बिंदू पाच जणांना वाटले, तर कोणतेही तिघे एकत्र येऊन गुपित उलगडू शकतात, आणि दोघांच्या हाती काहीच लागत नाही, अगदी अंदाजसुद्धा. व्हॉल्टमध्ये पाचांपैकी तीन हाच प्रघात आहे. एखादा जण आजारी पडला किंवा गावाला गेला तरी काम अडत नाही, हा लाभ दुहेरी कुलपात नाही.

कोषागारात बदली झालेला अधिकारी जाताना किल्ली नव्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून सही घेतो. बिंदू मात्र मोबाइलवर किंवा कागदावर उतरून ठेवता येतो, म्हणून पाचांतला एक जण नोकरी सोडतो तेव्हा त्याच्याकडून तो परत मागून भागत नाही. उरलेल्यांपैकी तिघांनी आपापले बिंदू देऊन नवी किल्ली करायची आणि पाच नवे बिंदू वाटायचे. मग गेलेल्याजवळचा जुना बिंदू कोणत्याही कुलपाला लागत नाही.