यावच्चंद्रदिवाकरौ : बायबलमधील करारांची परंपरा

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची सुरू होण्याच्या सुमारास, दुधनीचे स्थानक लागते. तुरीच्या आणि उडदाच्या अडतीने गजबजलेल्या या पेठेत मराठीत सुरू झालेला सौदा कानडीत पुरा होतो, आणि तो ज्या चिठ्ठीवर उतरतो ती चिठ्ठी दोन्ही भाषांचे लोक सारख्याच विश्वासाने खिशात घालतात. व्यवहारातील अशा कराराचे स्वरूप स्वच्छ असते : माल अमुक, भाव अमुक, आणि देणेघेणे फिटले की उभय पक्ष मोकळे. बायबलचे दोन भाग मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ या नावांनी ओळखले जात असल्यामुळे देव आणि मनुष्य यांच्यामधील करारही याच जातीचा असावा, अशी वाचकाची सहज समजूत होते. आणि ती समजूत मनात धरून जो हा ग्रंथ उघडतो, त्याला तो ग्रंथ पानोपानी अडवितो. कारण तेथे फिटंफाट होण्याची वेळ कधी येत नाही, मोकळे होण्याची तजवीज केलेली नसते, आणि बलिष्ठ पक्ष दुर्बलाला जखडून टाकण्याऐवजी पुष्कळदा स्वतःलाच बांधून घेतो. ही शेवटची गोष्ट माझ्या मते या सर्व प्रकरणाचा गाभा आहे, आणि पुढील विवेचन मुख्यतः तिच्याच अनुरोधाने करावयाचे आहे.

पेठेतील सौद्यापेक्षा आपल्या जुन्या दफ्तरांतील दोन प्रकारचे कागद या विषयाच्या अधिक जवळचे आहेत. ओसाड पडलेल्या गावी रयतेने पुन्हा वस्ती करावी म्हणून सरकार कौलनामा देई. त्यात सरकारकडून अभय, आणि रयतेकडून जमिनीची लावणी व ठरल्या हप्त्याने वसूल, अशी परस्परांची बंधने असत, आणि शर्त मोडली तर कौलही मोडे. दुसरा कागद इनामाच्या सनदेचा. तीत घेणाऱ्याने पुढे काय करावे यापेक्षा देणाऱ्याने काय दिले यावर भर असे; दान पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालावयाचे, आणि ते ‘यावच्चंद्रदिवाकरौ’, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर, असे त्यात नमूद असे. पश्चिम आशियाच्या प्राचीन लेखांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांना हेच दोन प्रकार तेथेही आढळले. जॉर्ज मेंडेनहॉल यांनी 1954 साली हित्ती सम्राटांचे मांडलिक राजांशी झालेले तह आणि सीनाय पर्वतावरील करार यांच्या रचनेतील साम्य दाखवून दिले. पुढे 1970 मध्ये मोशे वाइनफेल्ड यांनी अब्राहाम व दावीद यांच्याशी झालेले करार हे तहापेक्षा राजाने निष्ठावंत सेवकाला दिलेल्या दानपत्राच्या वळणाचे आहेत, असे प्रतिपादिले. पहिल्याला कौल आणि दुसऱ्याला सनद म्हटले, तर मराठी वाचकाला निराळे स्पष्टीकरण नको.

सनदेमागे कोणता भाव असू शकतो, हे जाणण्यासाठी दुधनी ज्या तालुक्यात आहे त्या अक्कलकोटच्या इतिहासाकडे पाहावे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर 1707 साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत परतत असता पारद या गावी त्यांना विरोध झाला. चकमकीत गावचा पाटील सयाजी लोखंडे मारला गेला, तेव्हा त्याच्या विधवेने आपले मूल महाराजांच्या पायाशी आणून घातले. महाराजांनी ते मूल उचलून घेतले, आपले मानले, विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेविले आणि पुढे त्याला भोसले या आपल्या कुळाचे नाव देऊन अक्कलकोटची जहागीर दिली. शत्रुपक्षाकडील त्या अर्भकाच्या पदरी कोणते कर्तृत्व होते? काहीही नव्हते. तरीही नाव, कूळ आणि वतन ही तिन्ही त्याला लाभली, आणि त्याचा वंश 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तेथे नांदला.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. पहिला उघड करार उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात जलप्रलयानंतर येतो, आणि तो केवळ नोहाशी नसून त्याच्या संततीशी, पशुपक्ष्यांशी, किंबहुना सर्व सजीव सृष्टीशी आहे. पृथ्वी पुन्हा जलमय करणार नाही हे त्यातील वचन, आणि मेघांतील धनुष्य ही त्याची खूण. या कराराला कोणत्याही एका जातीची, धर्माची वा देशाची मर्यादा नाही, ही गोष्ट आपल्याकडील प्रवचनांत फार क्वचित सांगितली जाते.

परंतु सर्व करारांत मला अद्भुत वाटतो तो पंधराव्या अध्यायातील प्रसंग. अब्राम वृद्ध, पत्नी वांझ. वचन मिळाले आहे ते नक्षत्रांइतक्या संततीचे आणि भूमीच्या वतनाचे. भूमी आपल्याला मिळेल हे कशावरून खरे मानावे, असे तो विचारतो. उत्तरादाखल त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचे पिलू आणावयास सांगण्यात येते. तो जनावरे मधोमध चिरतो आणि अर्धे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. पक्षी मात्र चिरीत नाही. गिधाडे झडप घालू लागतात, त्यांना तो दिवसभर हाकलीत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, भीषण काळोख त्याला वेढतो, आणि मग त्या चिरलेल्या भागांच्या मधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल पुढे सरकत जाते. त्या काळी करार करणारे अशा चिरलेल्या पशूंमधून चालत जात; करार मोडला तर आपलीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ, आणि यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात या चालीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण येथे अब्राम चालतच नाही. तो निजलेला आहे. अग्नीच्या रूपाने जो एकटा त्या वाटेने जातो, तो देव आहे. शपथेचा सारा भार त्याने एकट्याने उचलला. सतराव्या अध्यायात हा करार पुन्हा दृढ होतो, अब्रामाचा अब्राहाम होतो, आणि आठव्या दिवसाची सुंता ही त्या नात्याची देहावरील खूण ठरते.

सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे झालेला करार मात्र कौलाच्या जातीचा. मिसरच्या दास्यातून तुम्हांला सोडविले, हे पूर्ववृत्त प्रथम. मग दहा आज्ञा व इतर निर्बंध. मग आज्ञापालनाचे आशीर्वाद आणि आज्ञाभंगाचे शाप. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे बारा स्तंभ उभारतो, यज्ञाचे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडतो, आणि त्यानंतर सत्तर वडील देवाच्या सान्निध्यात बसून अन्नपाणी घेतात. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील शापांची मालिका वाचताना कोकणातील शिलाहारकालीन गद्धेगाळींची आठवण झाल्यावाचून राहत नाही : शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये दानलेख, आणि तळाशी दान मोडणाऱ्यासाठी कोरलेला निर्घृण शाप. तथापि सीनायचा कौलही सुटकेच्या नंतर दिलेला आहे, आधी नव्हे, याचा विसर पडू देता कामा नये. आज्ञा पाळल्यास सोडवीन, असे तेथे म्हटलेले नाही. सोडविले आहे, म्हणून या आज्ञा पाळा, असा तेथील क्रम आहे. नियमशास्त्राला कृपेचा वैरी ठरविणाऱ्या पुष्कळ प्रवचनकारांनी हा क्रम उलटा वाचला आहे.

पुढे दावीद राजा देवासाठी मंदिर बांधू इच्छितो, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला कळवितो की देवच दावीदाचे घराणे बांधील. हा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील सातव्या अध्यायाचा प्रसंग. आणि 89 व्या स्तोत्रात त्या घराण्याचे सिंहासन सूर्याप्रमाणे व चंद्राप्रमाणे टिकेल असे वचन येते, तेव्हा आपल्या सनदांतील चिरपरिचित शब्द यरुशलेमेतून ऐकू आल्यासारखे वाटते. त्याच स्तोत्राचा उत्तरार्ध त्या वचनाचे काय झाले म्हणून देवालाच जाब विचारतो. बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. 587 च्या सुमारास यरुशलेम जाळले, मंदिर उद्ध्वस्त केले, राजाला बेड्या घातल्या. कौल मोडला होता, हे तर उघडच. पण सनदही मोडली काय? या प्रश्नाच्या काळोखात यिर्मयाने नव्या कराराची वाणी उच्चारली. दगडी पाट्यांऐवजी अंतःकरणावर नियम लिहिला जाईल, लहानथोर सर्व देवाला ओळखतील, पापांचे स्मरण उरणार नाही, हे त्याच्या एकतिसाव्या अध्यायाचे सार. ती वाणी इस्राएल व यहूदा यांच्याच घराण्यांना उद्देशून आहे, आणि तिच्या पाठोपाठ सूर्य, चंद्र व तारे यांचा नेम ढळेल तेव्हाच इस्राएलाचे राष्ट्रत्व ढळेल, असे आश्वासन येते.

ख्रिस्ती धर्मविचार या ठिकाणी उभा राहतो. अटकेच्या आदल्या भोजनप्रसंगी येशूने प्याला हाती घेऊन आपल्या रक्तातील नव्या कराराचा उल्लेख केला, असे लूक आणि पौल सांगतात. त्यात सीनायचे शिंपडलेले रक्त आणि यिर्मयाची वाणी ही दोन्ही एकत्र आली. वधस्तंभाकडे पाहताना ख्रिस्ती वाचकाला उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील ती वाट आठवते : चिरलेल्या पशूंची गत करार मोडणाऱ्याच्या वाट्याला यावयाची, ती शपथ वाहणाऱ्याने स्वतःवर घेतली. पौलाने गलतीकरांस लिहिताना, अब्राहामाला दिलेले वचन चारशे तीस वर्षांनी आलेल्या नियमशास्त्राने रद्द होत नाही, असा जो युक्तिवाद केला, तो एखाद्या वाकबगार कारकुनाने जुनी सनद पुढे करून नव्या हुकुमाची मर्यादा दाखवावी तसा आहे.

पुढील दोन हजार वर्षांच्या वादांचा विस्तार येथे नको. दुसऱ्या शतकात मार्कियोनाने जुना करार सर्वस्वी टाकून देण्याचा पक्ष घेतला. मंडळीने तो पक्ष नाकारला, आणि हा तिच्या इतिहासातील एक शहाणपणाचा निर्णय होय. सोळाव्या शतकात झुरिचच्या बुलिंगरने करारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; काल्व्हिनने करार तत्त्वतः एकच, कारभाराच्या रीती दोन, असे मांडले; आणि सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने आदामाशी झालेला कर्मांचा करार व पुढील कृपेचा करार असा भेद रूढ केला. विसाव्या शतकात कार्ल बार्थ यांनी करार हाच सृष्टीचा आंतरिक आधार आहे, असे म्हटले. मला हे विधान सर्वांत खोल वाटते. कारण त्याप्रमाणे नाते हे सृष्टीनंतर जोडलेले कलम नसून सृष्टी त्या नात्याकरिताच आहे.

मराठी मुलखात ही कथा फार पूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टी, प्रलय, अब्राहाम व मोशे यांच्या कथा मराठी ओवीत उतरल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम 1922 मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर पुरे केले.

परंतु स्टीफन्सच्याही कित्येक शतके आधीपासून करार या भूमीवर नांदत होता, ग्रंथाविना. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल हे यहूदी लोक तेल गाळीत, मराठी बोलत, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांची आडनावे लावीत. हिब्रू ग्रंथांचा संपर्क तुटलेला, तरी आठव्या दिवशी मुलाची सुंता करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. यावरूनच गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. एक खूण अब्राहामाच्या सनदेची, दुसरी सीनायच्या कौलाची! बलदंड साम्राज्यांची दफ्तरे वाळवीने खाल्ली, आणि कोकणातल्या घाणेवाल्यांनी आपला करार देहावर आणि आठवड्यावर लिहून जतन केला. त्यांच्यातील बहुसंख्य 1948 नंतर इस्राएलला गेले, तेव्हा त्यांच्या वंशाविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका काढल्या आणि 1964 मध्ये तेथील संसदेला ते पूर्ण यहूदी असल्याचे जाहीर करावे लागले, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. ख्रिस्ती मंडळीच्या येण्याने इस्राएलाचा करार संपुष्टात आला, असे ख्रिस्ती जगात दीर्घकाळ शिकविले गेले. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल याच्या नेमके उलट, देवाचे पाचारण माघारी घेतले जात नाही, असे सांगतो. व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या घोषणेत त्याच अध्यायाचा आधार घेतला. करार संपल्याची ती जुनी शिकवण चुकीची होती आणि तिने यहूद्यांच्या छळाला बळ दिले, असे मी निःसंकोच म्हणतो.

सनदेची उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते, आणि ते सांगणे न्यायाचे आहे. महारांचे वतन हेही कागदोपत्री वंशपरंपरेचे दानच होते; पण त्या दानाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या वेठीला जुंपले. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतन कायद्याने गेले ते 1958 मध्ये. यावच्चंद्रदिवाकरौ चालणारी वस्तू शृंखलाही असू शकते. याच्या उलट, सोलापूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनने ज्या मंडळ्या उभारल्या, त्यांची परंपरा न्यू इंग्लंडची होती, आणि तीत सभासद होणाऱ्याने सर्वांसमोर विश्वासाची कबुली देऊन मंडळीचा करार स्वीकारण्याची चाल होती. ज्याला जन्माने केवळ कामगिरी नेमून दिली जाई आणि विचारले कधीच जात नसे, अशा महारामांगाला तेथे पक्षकार म्हणून उभे करून त्याचे मत विचारले गेले, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने होकार दिला. अब्राहामाला निद्रेत लाभलेले दान आणि सीनायच्या पायथ्याशी लोकांनी जागेपणी दिलेला होकार, या दोहोंची आवश्यकता त्या मंडळ्यांच्या जुन्या पिढीला पुस्तकापेक्षा अनुभवाने अधिक कळली असली पाहिजे.

दिवाळीपासून नाताळपर्यंत जे दिवस मिळतात, त्यांत ज्याला या विषयाची गोडी वाटेल त्याने उत्पत्तीचा पंधरावा अध्याय, निर्गमाचा चोविसावा, यिर्मयाचा एकतिसावा आणि रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा अध्याय याच क्रमाने वाचावेत. आणि कधी अलिबागच्या बाजूला जाणे झाले, तर नवगावची बेने इस्राएलांची जुनी दफनभूमी अवश्य पाहून यावी.