यादीत पाच हजार, केंद्रावर सतरा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या मतदार याद्यांत परदेशस्थ मतदारांची ५,०९७ नावे होती. त्यांतल्या सतरा जणांनी मत दिले. देशभरात अशी १,१९,३७४ नावे होती आणि केंद्रावर आले २,९५८. त्यांतलेही २,६७० एकट्या केरळचे. म्हणजे देशभरात नाव नोंदवलेल्या दर चाळीस जणांमागे एकच.

परदेशी गेलेल्यांना देशाचे काही पडलेले नाही, असे म्हणून हा आकडा बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. हजारो मैलांवरून एका दिवसाच्या मतदानासाठी कोण येऊ शकतो, हा खरा प्रश्न आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चा. ज्या मतदारसंघात माणूस सर्वसाधारणपणे राहतो तिथल्या यादीत त्याचे नाव, असा त्याचा पाया. त्यामुळे कामासाठी आखातात किंवा शिक्षणासाठी युरोपात गेलेल्याचे नाव कापले जाई, पासपोर्ट भारतीय असला तरी. २०१० मध्ये या कायद्यात २०-अ हे कलम आले आणि फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झाले. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशी असलेल्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येऊ लागले. अट एकच राहिली. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन त्याच केंद्रावर स्वतः हजर व्हायचे.

ही अट कुणाला जाचते? सिलिकॉन व्हॅलीतल्या अभियंत्याला तिकीट परवडू शकते. खेड किंवा म्हसळ्याहून कुवेतला गेलेल्या वाहनचालकाचे तसे नाही. त्याची रजा मालकाच्या हाती, आणि अनेकांच्या वाट्याला ती दोन वर्षांतून एकदा येते. २०२४ चे वेळापत्रक १६ मार्चला जाहीर झाले आणि रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झाले. पन्नासेक दिवसांत रजा, तिकीट आणि बुडणारा पगार यांचा मेळ त्याने घालायचा. केरळमध्ये आखातातल्या संघटना माणसे जमवून स्वस्तात तिकिटे मिळवून देतात. तिथे त्याला ‘वोट विमानम्’, मतदानाचे विमान, असे नावच पडले आहे. कोकणातून आखातात गेलेल्यांची परंपराही जुनी आहे, पण असे विमान आपल्याकडे रूढ झालेले नाही.

मार्ग शोधण्याचे प्रयत्न झाले. २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत व्यवसाय करणारे डॉ. शमशीर वायलील सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी निवडणूक आयोगाच्या समितीने दोन पर्याय सुचवले: प्रतिनिधीमार्फत मतदान, किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेली टपाली मतपत्रिका. सरकारने यातला पहिला उचलला. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडले आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळले. ते बारगळले याचे फार वाईट वाटण्याचे कारण नाही. आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवले की गुप्तता संपते, आणि सांगितलेल्यालाच त्याने मत दिले की नाही हे तपासायची सोय उरत नाही.

दुसरा पर्याय मात्र हाताशी तयार आहे. सैन्यदलांतले जवान आणि परदेशी दूतावासांतले भारतीय कर्मचारी तो वापरतात. मतपत्रिका सांकेतिक रूपात संगणकावर येते, परवलीचा क्रमांक टाकून ती उघडायची, छापायची, खूण करून लखोट्यात घालून टपालाने परत पाठवायची. मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती पोचली पाहिजे. २०१९ मध्ये अशा १८ लाखांवर मतदारांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या मतपत्रिका परत आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने हीच सोय परदेशस्थ मतदारांना द्यावी असे कायदा मंत्रालयाला कळवले.

अडचणी खऱ्या आहेत. आखातात एकेका खोलीत आठ-दहा कामगार राहतात. तिथे मतपत्रिकेवरची खूण मालक किंवा मुकादमाच्या नजरेतून सुटेल का? लाखो मतदार आले तर दूतावासांवरचा भार कोण उचलणार? आणि एक आक्षेप तर महाराष्ट्राला थेट लागू आहे. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, ऊसतोडीच्या तोंडावर झाली. बीडचा ऊसतोड कामगार देशातच असतो, तरी मतासाठी फडावरून गावी परतण्याचा खर्च त्यालाही सोसवत नाही. सोय करायची तर त्याचीही करा, हे म्हणणे रास्तच आहे. पण एकाची गैरसोय हे दुसऱ्याला अडवायचे कारण होत नाही.

बाहेरच्या मतांनी निकाल फिरतील अशी धास्तीही असते. इतर देशांनी हे प्रश्न अनुभवले आहेत. इटलीत परदेशस्थांसाठी संसदेत राखलेल्या जागांच्या मतदानाचा कायदा पंतप्रधान बर्लुस्कोनी यांच्या काळात झाला आणि २००६ मध्ये त्याच जागांनी सिनेटमधले काठावरचे बहुमत त्यांचे विरोधक प्रोदी यांच्या पदरात टाकले. रोमानियात २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॅरिस, लंडनच्या केंद्रांबाहेर तासन्‌तास रांगा लागल्या आणि अनेकांना मत न देताच परतावे लागले. त्यावरून दोन परराष्ट्रमंत्र्यांना पाठोपाठ राजीनामे द्यावे लागले. ब्रिटनमध्ये पंधरा वर्षे बाहेर राहिलेल्याचा मताधिकार जात असे. इटलीत स्थायिक झालेले, दुसऱ्या महायुद्धात लढलेले हॅरी शिंडलर म्हातारपणी त्याविरुद्ध झगडत राहिले. २०२२ मध्ये ही मर्यादा काढणारा कायदा झाला, पण जानेवारी २०२४ मध्ये तो अमलात आला तेव्हा ते हयात नव्हते.

गोव्यात परदेशातून मत देण्याची दुसरी बाजू दिसते. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ते घेतले की भारतीय नागरिकत्व आणि इथले मत दोन्ही जाते. पण लिस्बनच्या संसदेत २३० पैकी चार जागा परदेशस्थांच्या आहेत, दोन युरोपातल्यांच्या आणि दोन युरोपाबाहेरच्यांच्या. त्यामुळे अधिकृत पत्ता गोव्याचा असलेल्या पोर्तुगीज नागरिकाला त्या देशाची मतपत्रिका टपालाने घरी येते. त्याच गावचा, भारतीय पासपोर्ट राखून मस्कतला नोकरी करणारा शेजारी मात्र मत द्यायला विमानाने गावी येतो.

सध्या जे हाती आहे तेही थोड्यांनाच ठाऊक आहे. नोंदणी नमुना ६-अ भरून आयोगाच्या संकेतस्थळावर करता येते. पासपोर्टच्या आणि चालू व्हिसाच्या पानांच्या प्रती जोडाव्या लागतात. परदेशस्थांची नावे त्या भागाच्या यादीत शेवटी वेगळी छापली जातात. त्यांना मतदार ओळखपत्र मिळत नाही. केंद्रावर पासपोर्टच दाखवायचा.