वेगाचा दंड आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांनी ती प्रथम उच्चारली त्यांनी वडिलोपार्जित जमिनीचे दावे नातवंडांच्या काळापर्यंत चाललेले पाहिले असतील. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु ह्या म्हणीने एक नुकसानही केले आहे. आपली चूक नसतानाही दंड भरून मोकळे होण्यालाच आपण व्यवहारचातुर्य समजू लागलो. आज आम्ही ज्या विषयाविषयी बोलणार आहोत तो, म्हणजे वाहनाच्या अतिवेगाबद्दल होणारा दंड, वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. पण नागरिकाचे आणि कायद्याचे नाते कसे असावे हे अशा क्षुल्लक प्रसंगीच दिसून येते.

एक उदाहरण कल्पू या. नंदुरबारच्या बाजारात मिरची उतरवून नवापूरकडे परतणारा एक पिकअपचा ड्रायव्हर आहे. चार दिवसांनी गाडीच्या मालकाच्या मोबाईलवर संदेश येतो : अमुक दिवशी अमुक ठिकाणी आपले वाहन मर्यादेपेक्षा अधिक वेगाने धावत होते, सबब दंड भरावा. मालक ती रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. ड्रायव्हर म्हणतो, त्या दिवशी मी त्या रस्त्याने गेलोच नाही. त्याचे म्हणणे कोणी ऐकायचे?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११२ वे कलम वेगमर्यादेविषयी आहे आणि १८३ वे कलम ती ओलांडणाऱ्याच्या शिक्षेविषयी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी हा दंड एक हजार ते दोन हजार रुपये, आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी दोन हजार ते चार हजार रुपये झाला. तोच गुन्हा पुन्हा घडल्यास लायसन अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. येथे पुष्कळांच्या ध्यानी न येणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागेवर किंवा मोबाईलवरून तडजोड शुल्क भरले म्हणजे प्रकरण मिटते, परंतु त्याची आठवण मिटत नाही. कलम २०० नुसार, पुढे तोच गुन्हा घडल्यास तडजोडीने मिटवलेला गुन्हा हा पहिला गुन्हा म्हणून धरला जातो. ज्याची भाकरी लायसनावर अवलंबून आहे, त्याने 'भरून टाकू या दोन हजार' असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबले पाहिजे, ते याकरिता.

मोटारीच्या इतिहासातील पहिला वेगाचा दंड इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील वॉल्टर आर्नोल्ड ह्या गृहस्थास २८ जानेवारी १८९६ रोजी झाला, असे सांगतात. मर्यादा ताशी दोन मैलांची होती आणि हे महाशय आठ मैलांच्या वेगाने चालले होते. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले. दंड झाला एक शिलिंग! ही गोष्ट ऐकून हसू येते. पण तिच्यातच पुढचा सारा प्रश्न सामावलेला आहे. वेग ही डोळ्यांनी मोजण्याची वस्तू नव्हे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला मोठा आवाज करणारी फटफटी जोरात वाटते आणि गुळगुळीत चालणारी नवी मोटार सावकाश वाटते. म्हणून आपल्या कायद्याने १८३ व्या कलमातच एक कुंपण घातले आहे. 'माझ्या मते गाडी वेगात होती' असे एका साक्षीदाराने म्हटले, तर केवळ तेवढ्यावरून कोणासही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेले असावे लागते.

तेव्हा हे उपकरण कसे चालते ते समजून घेऊ. रडार गन रेडिओलहरी सोडते. समोरून येणाऱ्या वाहनावर आपटून त्या परततात, तेव्हा त्यांची कंपनसंख्या किंचित वाढलेली असते. स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर जसा चढा लागतो आणि गाडी पुढे निघून गेल्यावर उतरतो, तसाच हा प्रकार आहे. ह्या फरकावरून वेग काढतात. लेसर गन प्रकाशाचे सूक्ष्म स्पंद एकामागून एक सोडते आणि वाहनाचे अंतर किती झपाट्याने कमी होत आहे ते मोजते. काही ठिकाणी दोन कॅमेरे दूरदूर बसवतात. दहा किलोमीटरचे अंतर सहा मिनिटांत कापले, तर सरासरी वेग ताशी शंभर, हा हिशेब शाळेतला मुलगाही करील.

'पोलीस बाजूला तिरपा उभा होता, म्हणून मोजमाप चुकले' असे काहीजण सांगतात. हा बचाव टिकत नाही. तिरप्या कोनातून रडारला खऱ्या वेगाचा काही अंशच दिसतो. वीस अंशांच्या कोनातून ताशी ८० चा वेग सुमारे ७५ दिसेल. म्हणजे चूक झालीच तर ती बहुधा चालकाच्याच पथ्यावर पडते. मात्र एकाच वेळी दोन-तीन वाहने झोतात आली, तर आकडा नेमका कोणाचा, हा प्रश्न रास्त आहे.

मग चलान हाती आल्यावर पाहावे तरी काय? आमच्या मते चार प्रश्न विचारावेत : कोण, कोठे, कशाने आणि कधी.

कोण? छायाचित्रातील वाहन आपलेच आहे काय, क्रमांक स्पष्ट वाचता येतो काय, हे प्रथम पाहावे. एका आकड्याच्या घोटाळ्याने एम. एच. ३९ मधील एका गाडीचा दंड दुसऱ्याच्या दारी जाऊ शकतो. चलान मालकाच्या नावे येते. पण गुन्हा चालवणाऱ्याचा असतो. गाडी कोण चालवीत होता हे विचारल्यावर सांगणे, हे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे.

कोठे? राज्य सरकारला एखाद्या रस्त्यावर विशेष कमी मर्यादा ठरवायची तर ती राजपत्रात प्रसिद्ध करून रस्त्यावर तशी खूण लावावी लागते. फलक होता काय, तो झाडाआड गेला होता काय, हे लगेच जाऊन पाहावे व फोटो काढून ठेवावा. सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोला फारशी किंमत उरत नाही.

कशाने? ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला. उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, अशा उपकरणाची सूचना देणारे फलक रस्त्यावर ठळकपणे लावावेत, चलानासोबत छायाचित्र, मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण व मोडलेले कलम दिलेले असावे, असे त्याने ठरवले. यंत्रातील नोंद पुरावा म्हणून मांडायची तर तिला कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्रही जोडावे लागते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली येते.

कधी? कलम २०९ असे सांगते की, अतिवेगाच्या आरोपात चालकाला त्याच वेळी ताकीद दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांच्या आत नोटीस पाठवलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे. ह्यातले काहीच झाले नसेल, तर दोषी ठरवता येत नाही. अपवाद आहेत : मालकाचा पत्ता प्रयत्न करूनही लागला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोचली नाही, तर ही सवलत मिळत नाही. जुना पत्ता न बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आत घ्यावयाची असते. सबळ कारण असल्यास न्यायालय हा विलंब माफ करू शकते.

पहिली पायरी कोर्टाची नव्हे. क्रमांकाचा वा वाहनाचा उघड घोटाळा असेल तर वाहतूक पोलिसांकडे पुराव्यासह लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. चलानावर दिलेली मुदत पाळावी. गप्प बसणे म्हणजे हरकत घेणे नव्हे. महाराष्ट्रात २०२० पासून अशा चलानांसाठी आभासी न्यायालयाची सोय झाली. तेथे गुन्हा कबूल करून दंड भरता येतो, किंवा आरोप मान्य नसल्याचे कळवता येते. मान्य नसल्यास प्रकरण जेथे घटना घडली त्या हद्दीतील न्यायालयाकडे जाते. लोकअदालतीचे तसे नाही. तेथे तडजोड होते, आरोपाची शहानिशा होत नाही. आणि तिच्या निवाड्यावर अपील नसते.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येतो : गुन्हा कबूल आहे काय? 'नाही' एवढेच उत्तर पुरते. त्यानंतर सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर येतो. पोलिसाची साक्ष होते आणि तुम्हाला उलटतपासणीचा हक्क असतो. आवाज न चढवता, साधे व नेमके प्रश्न विचारावेत : यंत्राचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे? त्या क्षणी रस्त्यावर आणखी वाहने होती काय? फलक किती अंतरावर होता? मग तुमचे म्हणणे व तुमचे साक्षीदार. ड्रायव्हर त्या दिवशी दुसरीकडे होता हे मालाची पावती किंवा टोलची नोंद सांगू शकते. नुसत्या शपथेपेक्षा असा कागद अधिक बोलतो.

आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर शंभरांत सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती यांच्याकडे अर्ज करावा. धडगावच्या डोंगरात पावरी बोलणाऱ्या वा नवापूरकडे मावची बोलणाऱ्या माणसाला साक्षीची भाषा कळत नसेल, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे, हेही कायद्याचेच म्हणणे आहे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. पण जो हक्क ठाऊकच नाही, तो असून नसल्यासारखा.

आता दुसरी बाजू. हे सारे ऐकून कोणी पळवाटांची यादी घेऊन घरी जाणार असेल, तर आमचे व्याख्यान फुकट गेले. ताशी ८० च्या वेगाने मोटार एका सेकंदाला बावीस मीटर जाते. डोळा दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर मागे पडलेले असते. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदशैली घाटात कोसळली आणि कित्येक भाविक प्राणास मुकले. असे घाट आणि असे रस्ते ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे वेगमर्यादेचा फलक हा सरकारचा हट्ट नसून कोणाच्या तरी लेकराचे रक्षण आहे. 'बाकीचेही जोरात जात होते' हा बचाव नव्हे. ज्याला मनातून ठाऊक आहे की आपण मर्यादा ओलांडली, त्याने दंड भरावा आणि पुढे हात आवरावा, हेच उचित.

परंतु ज्याला खात्री आहे की ती गाडी आपली नव्हती किंवा ते मोजमाप बरोबर नव्हते, त्याने भिऊन पैसे भरू नयेत. निरपराध्याने निमूटपणे भरलेला दंड तिजोरीत दोन हजार रुपये टाकतो खरा, पण चुकीचे यंत्र चुकीचेच राहते, आणि उद्या त्याच जागी दुसरा ड्रायव्हर सापडतो. उलट एकाने उभे राहून 'दाखवा प्रमाणपत्र' असे शांतपणे विचारले, तर त्या खात्यालाही आपली यंत्रे व आपले फलक नीट ठेवावे लागतात. आपला कल्पिलेला पिकअपवाला कोर्टात जाऊन जिंकेल किंवा हरेल. तो प्रश्न पुराव्याचा आहे. पण मालकाने पगार कापण्यापूर्वी, आणि त्याने मान खाली घालण्यापूर्वी, त्याचे म्हणणे ऐकणारी एक जागा ह्या देशात आहे, एवढे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. येथे जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाने ते एका ड्रायव्हरला सांगावे. कोर्टाची पायरी हौसेने चढू नये, हे शहाणपण आम्हाला मान्य आहे. पण खरे सांगण्यासाठी ती चढावी लागलीच, तर पाय कापू नयेत.